माहितीपटावर प्रबंध लिहिताना : आधी दावा शोधा, मग पुरावा

माहितीपट हा विषय घेऊन लिहिलेल्या लघुशोधप्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य हमखास सापडतं : माहितीपट म्हणजे वास्तवाचं चित्रण. शेवटच्या प्रकरणात त्याचंच भावंड भेटतं : दिग्दर्शकाने वास्तवाचं प्रभावी चित्रण केलं आहे. मधल्या ऐंशी-शंभर पानांत सिनेमाचा इतिहास, दिग्दर्शकाचा परिचय, चित्रपटाचा सारांश आणि प्रश्नावलीतून काढलेले टक्के असतात. पहिल्या पानावर जे गृहीत धरलं तेच शेवटच्या पानावर निष्कर्ष म्हणून येत असेल, तर संशोधन झालं कुठे? यंदा वृत्तपत्रविद्या, मराठी किंवा समाजशास्त्र विभागात असा विषय घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. त्यातला सल्ला थोडक्यात सांगता येतो. चित्रपटात वास्तव आहे की नाही, हे ठरवायला जाऊ नका. चित्रपट वास्तवाबद्दल नेमका कोणता दावा करतो, त्या दाव्याला पडद्यावर कशाचा आधार देतो आणि तो आधार दाव्याचं ओझं पेलतो का, एवढं तपासा. सल्ला साधा दिसतो, पण त्याने प्रश्न बदलतो, चित्रपट पाहण्याची पद्धत बदलते आणि तोंडी परीक्षेत द्यायची उत्तरंही बदलतात.

कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने सुरुवात आपल्या गावापासूनच करावी. इथला सिनेमा म्हटलं की बाबूराव पेंटरांची १९१७ मधली महाराष्ट्र फिल्म कंपनी, तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये काढलेली प्रभात आणि पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ, अशी मालिका सगळ्यांना पाठ असते. हा इतिहास कथापटांचा आहे, म्हणून माहितीपटाचा अभ्यासक त्याला नमस्कार करून पुढे जातो. तिथेच एक महत्त्वाचा फरक निसटतो. बाबूरावांच्या १९२० च्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका खराखुरा वाटला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी होता आणि त्या चित्रपटाची ख्याती आजही वास्तववादी म्हणूनच आहे. दोन्ही ठिकाणी कौतुक आहे ते खऱ्यासारखं दिसण्याचं. अमुक गावचा, अमुक नावाचा सावकार खरोखर होऊन गेला, असं 'सावकारी पाश' म्हणत नाही आणि त्याने तसं म्हणण्याची गरजही नाही. माहितीपट मात्र प्रेक्षकाला सांगतो की हा माणूस आहे, ही जागा आहे, हे घडलं आहे, हवं तर जाऊन खात्री करा. वास्तववादी शैली ही एक गोष्ट आणि वास्तवाबद्दलचा दावा ही दुसरी. एखादा माहितीपट दिसायला अगदी बेगडी असूनही त्याचा दावा खरा असू शकतो. एखादा कथापट हुबेहूब असूनही कसलाच दावा करत नसतो. हा फरक पहिल्याच प्रकरणात स्पष्ट मांडला, तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

दावा आणि पुरावा यांचं नातं किती गुंतागुंतीचं असतं, हे आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या दोन उदाहरणांतून कळतं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी १८९६ मध्ये मुंबईत ल्युमिएर बंधूंचे खेळ पाहिले, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माहितीपटाचा आरंभ म्हणून तिचा उल्लेख होतो. आता कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती पाहिलेल्या माणसाने विचार करावा. त्या काळच्या फिल्मची लांबी मिनिटा-दोन मिनिटांची. कॅमेरा तिकाटण्यावर एका जागी रोवलेला, आणि भरपूर ऊन असल्याशिवाय चित्र उमटायचं नाही. सलामी, खडाखडी, पकड, सुटका आणि शेवटी चितपट, हे सगळं तेवढ्या फिल्मवर कसं मावणार? कुस्ती कुठे, कधी आणि किती वेळ व्हायची, यात कॅमेऱ्याच्या गरजांचा वाटा असणारच. म्हणून ती खोटी कुस्ती ठरते का? नाही. दोन मल्ल होते, ते झुंजले, प्रकाशाने त्यांचं चित्र फिल्मवर उमटवलं, एवढा दावा पक्का आहे. त्यापुढचा, म्हणजे आखाड्यातली रोजची कुस्ती अशीच होती हा दावा करायचा, तर मात्र वेगळा पुरावा लागेल.

दुसरं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म खर्ची घालत अंकुराची वाढ टिपली. पडद्यावर मग बी फुटून वेल वर चढताना काही क्षणांत दिसायची. इथे काळाची सरळसरळ मोडतोड आहे. कुणाच्याही डोळ्यांनी असा वेल वाढताना पाहिलेला नाही. तरी वेल कसा वाढतो याबद्दलचं हे सत्य साध्या नजरेला कधी दिसलं नसतं. म्हणजे कॅमेऱ्याने हस्तक्षेप केला की सत्य गेलं, हे समीकरण आपल्याकडे पहिल्या काही पावलांतच कोसळलं होतं. हस्तक्षेप झाला का, या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'हो' असंच असतं, त्यामुळे तो संशोधनाचा प्रश्न होत नाही. कोणता हस्तक्षेप, कोणत्या दाव्यासाठी, आणि प्रेक्षकाला त्याची कल्पना दिली की त्याच्यापासून लपवला, हे विचारलं की प्रबंधाला विषय मिळतो.

जगभरच्या माहितीपटाचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरतो. तो सनावळीसारखा न लिहिता या प्रश्नाच्या आधारे लिहा. रॉबर्ट फ्लाहर्टीच्या १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'मध्ये बर्फाच्या घरात पुरेसा उजेड नव्हता, म्हणून अर्धं उघडं घर बांधून घेतलं गेलं. तिथले लोक बंदुका वापरू लागले होते, तरी शिकार जुन्या भाल्यांनी करवली गेली. उघडं घर ही तांत्रिक सोय आहे. भाला मात्र दावाच बदलतो, कारण प्रेक्षकाला वर्तमान म्हणून भूतकाळ दाखवला जातो. जॉन ग्रिअर्सन यांनी प्रत्यक्षाला सर्जक आकार देणं हेच माहितीपटाचं काम मानलं. १९६० च्या सुमारास हलके कॅमेरे आणि चित्राबरोबरच आवाज टिपणारी यंत्रं हाती आली, तेव्हा अमेरिकेत 'प्रायमरी'सारख्या चित्रपटांनी बाजूला उभं राहून फक्त पाहण्याचा मार्ग धरला. फ्रान्समध्ये झाँ रूश आणि एदगार मोरँ यांनी १९६१ च्या 'क्रॉनिकल ऑफ अ समर'मध्ये उलटी वाट धरली : माणसांना प्रश्न विचारायचे, बोलतं करायचं आणि शेवटी चित्रित झालेला भाग त्यांनाच दाखवून त्यावरही चर्चा घडवायची. पहिल्या पक्षाचं म्हणणं, आम्ही ढवळाढवळ केली नाही म्हणून विश्वास ठेवा. दुसऱ्याचं म्हणणं, आम्ही ढवळाढवळ केली आणि ती तुमच्यासमोर केली, म्हणून विश्वास ठेवा. विश्वास मागण्याच्या या दोन तऱ्हा ओळखता आल्या, तर सैद्धांतिक प्रकरणाचा गाभा हाती आला म्हणून समजा.

बिल निकोल्स यांची वर्गवारी जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असते. १९९१ मध्ये त्यांनी चार प्रकार मांडले आणि २००१ पर्यंत ते सहा झाले : निवेदनप्रधान, निरीक्षणात्मक, सहभागी, आत्मसजग, काव्यात्म आणि कर्त्याच्या वैयक्तिक अनुभवातून बोलणारा. ही वर्गवारी उपयोगाची आहे, पण तिचा वापर बहुधा बरणीवर चिठ्ठी चिकटवावी तसा होतो. चित्रपट सहभागी प्रकारात मोडतो असं लिहिलं, की विश्लेषण झालं असं वाटू लागतं. मुळात एकाच चित्रपटात दर दहा मिनिटांनी प्रकार बदलू शकतो आणि बदल होतो ती जागाच पाहण्यासारखी असते. इतका वेळ शांतपणे निरखणारा चित्रपट अचानक निवेदन का सुरू करतो? बहुतेकदा तिथे दावा मोठा झालेला असतो आणि चित्र एकट्याने तो पेलू शकत नसतं. चिठ्ठीचा दुसरा तोटा म्हणजे ती पूर्वग्रह पक्के करते. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ ची. तिचे अनुबोधपट आणि वार्तापट चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी दाखवणं बंधनकारक होतं. त्यामुळे 'सरकारी प्रचार' हा शिक्का तयारच असतो. पण त्याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ मध्ये 'आय अ‍ॅम ट्वेंटी' केला. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली तरुण मुलं त्यात देशाबद्दल आपापल्या तोंडाने बोलतात आणि त्यांचं बोलणं एका सुरात बसत नाही. शिक्का मारून मोकळ्या झालेल्या संशोधकाच्या हातून हा चित्रपट सुटतो.

आता प्रश्न कसा बांधायचा ते पाहू. 'मराठी माहितीपटांतील सामाजिक वास्तव : एक अभ्यास' हा विषय नव्हे, ते कपाट आहे. त्यात काहीही ठेवता येतं आणि हवं ते सापडत नाही. विषय इतका लहान करा की एका वर्षात तुम्ही त्याच्या तळाशी पोचाल. कवी नारायण सुर्वे यांच्यावरचे दोन चित्रपट घ्या. के. पी. जयशंकर आणि अंजली मोन्तेरो यांच्या २००१ च्या 'साचा'मध्ये सुर्व्यांची कविता आणि सुधीर पटवर्धन यांची चित्रं शेजारी येतात आणि दोन्हींमधून गिरण्यांची, कामगारांची मुंबई उभी राहते. अरुण खोपकर यांच्या २००२ च्या 'नारायण गंगाराम सुर्वे'मध्ये सुर्व्यांच्या आयुष्याचे काही भाग अभिनेते किशोर कदम साकारतात. त्याला सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाच माणसाकडे पाहणारे, वर्षभराच्या अंतराने आलेले हे दोन चित्रपट. इथे प्रश्न आपोआप नेमका होतो : कवी हयात असताना त्याच्या जागी नट उभा करून चित्रपट सुर्व्यांबद्दल कोणता दावा करतो? तो घडलेल्या प्रसंगाचा आहे, की त्या प्रसंगाच्या आठवणीचा? आणि 'साचा' कवीचं आयुष्य सांगताना शहराचा पुरावा देतो, की शहराबद्दल सांगताना कवीची साक्ष काढतो? नट आहे म्हणून एक चित्रपट कमी खरा आणि नट नाही म्हणून दुसरा जास्त खरा, असं म्हणणारा विद्यार्थी पहिल्याच पायरीवर अडकतो. नटाचा चेहरा प्रेक्षकाच्या ओळखीचा असतो, म्हणजे हस्तक्षेप उघड असतो. त्याचा दावा त्यानुसारच मोजायला हवा.

प्रश्न ठरला की काम सुरू होतं ते दृश्यनोंदीचं, आणि बहुतेक प्रबंध इथेच कच्चे राहतात. चित्रपट एकदा सलग पाहा आणि काही लिहू नका. दुसऱ्यांदा कुठे दावा होतो तेवढं टिपा. मग त्यातले चार-पाच भाग निवडून एकेक शॉट उतरवून काढा : वेळ, चौकटीत काय आहे, आवाज कुणाचा, तो चौकटीतून येतो की वरून चढवलेला आहे, पुढचा कट कशावर जातो आणि या सगळ्यातून प्रेक्षकाने काय मानावं अशी अपेक्षा आहे. समजा, पंचगंगेच्या महापुरावर कुणीतरी केलेला चित्रपट तुम्ही पाहत आहात. पहिला शॉट : राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळीची मोजपट्टी, पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या खुणेच्या वर. दुसरा शॉट : छपरापर्यंत बुडालेलं घर. तिसरा : होडीत बसलेली बाई, पार्श्वभूमीला बासरी. निवेदक म्हणतो, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर बुडालं. मोजपट्टीचा शॉट धोक्याची पातळी ओलांडल्याचा पुरावा देतो, पण कोणत्या वर्षी ते सांगत नाही. २०२१ मध्येही पाणी त्या खुणेच्या वर गेलं होतं. बुडालेलं घर चिखलीचं, शिरोळचं की आणखी कुठलं, हे चौकटीत काही खूण असेल तरच कळेल. बाईचा चेहरा त्या घरानंतर येतो म्हणून घर तिचं वाटतं. तसं कुणीच म्हटलेलं नाही, ते संकलनाने म्हटलं. बासरी तिच्या दुःखाबद्दल सांगते, ती स्वतः अजून एक शब्दही बोललेली नाही. तीन शॉटच्या या नोंदीत चार वेगवेगळे दावे आणि चार वेगवेगळ्या ताकदीचे पुरावे सापडले. प्रबंधात लिहायचं ते हेच.

त्यापुढे पुरावा तीन ठिकाणी शोधा : कॅमेरा सुरू होण्याआधी, चित्रीकरण चालू असताना आणि संकलनाच्या टेबलावर. कुणाला बोलायला निवडलं आणि कुणाला सोडलं, परवानगी कुणाकडून आली, पैसा कुठून आला, हे पहिल्या टप्प्यात. कॅमेरा कुठे उभा होता, प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज ठेवला की काढला, हे दुसऱ्या. किती तासांच्या फुटेजमधून किती मिनिटं उरली आणि क्रम कसा लागला, हे तिसऱ्या. दिग्दर्शकाची मुलाखत मिळाली तर जरूर घ्या, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. दिग्दर्शक सांगतो तो त्याचा हेतू. तो पडद्यावर उतरला का, हे तुम्हीच पाहायचं असतं. 'मी तटस्थ होतो' हे वाक्य निष्कर्ष म्हणून छापायचं नसतं, दृश्यनोंदीशी ताडून पाहायचं असतं. शक्य असेल तर संकलक आणि ध्वनिमुद्रकाला भेटा. त्यांना हेतूंपेक्षा निर्णय आठवतात आणि तुम्हाला निर्णयच हवे असतात.

या पद्धतीवर पहिला आक्षेप हुशार विद्यार्थीच घेतात. निवड, मांडणी, संकलन हे सगळीकडेच असेल, तर सगळंच रचलेलं. मग खरं-खोटं करण्यात अर्थ काय? याचं उत्तर आनंद पटवर्धन यांच्या २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'मधून देता येतं. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या चालवाव्या लागल्या, असा पोलिसांचा बचाव होता. चित्रपट हा बचाव तपासायला घेतो : टँकर कुठे होते, गोळ्या कुठे झाडल्या गेल्या, पुरावा म्हणून दाखवलेली दृश्यं नेमकं काय दाखवतात. पोलिसांची बाजू रचलेली होती आणि पटवर्धन यांचा चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून निघालेला चित्रपटही रचलेलाच आहे. पण दोन्ही रचनांची किंमत सारखी नाही. एक रचना जागा, वेळ आणि अंतर यांच्या कसोटीवर उतरते, दुसरी उतरत नाही. गोळीबाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगानेही तो समर्थनीय मानला नाही, म्हणजे चित्रपटाबाहेरचा पुरावाही ताडून पाहायला उपलब्ध आहे. रचना आहे म्हणून सत्य नाही असं म्हणणं म्हणजे साक्षीदाराला वकिलाने प्रश्न विचारले म्हणून साक्षच बाद करण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप पक्षपाताचा. चित्रपटाची बाजू आधीच ठरलेली असेल, तर त्याला माहितीपट का म्हणायचं? कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न टाळता येणार नाही, कारण पटवर्धन यांच्याच २०१८ च्या 'विवेक'मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरे यांचं काम आणि त्यांची हत्या हा एक भाग आहे. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचं निधन झालं. चित्रपट आपली बाजू लपवत नाही आणि ती न पटणारे वाचक इथे असणारच. संशोधकाने बाजूवर वाद घालत बसू नये. बाजू उघड असणं हा दोष नव्हे. पुरावा झेपतो त्याहून मोठा दावा करणं हा दोष. म्हणून पाहायचं ते असं : घडलेली घटना, तिच्यावर माणसांचं म्हणणं आणि दिग्दर्शकाने त्यावरून काढलेला अर्थ, हे तीन थर चित्रपट वेगळे ठेवतो का? विरोधी आवाज येतो तेव्हा त्याला पूर्ण वाक्य बोलायला मिळतं का? दोन घटना शेजारी ठेवून त्यांच्यात कार्यकारणसंबंध सुचवला, तर त्याला आणखी कशाचा आधार आहे? तुमच्याकडे इथली वर्तमानपत्रं आहेत, इथली माणसं आहेत, इथले रस्ते पायाखालचे आहेत. मुंबई-दिल्लीच्या अभ्यासकाला हे पडताळणं जड जाईल. मात्र जे न्यायालयाने ठरवायचं ते प्रबंधात ठरवू नका. चित्रपट काय म्हणतो आणि तपासयंत्रणा किंवा न्यायालय काय म्हणतं, हे दोन वेगळ्या वाक्यांत लिहा.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : विभागाला गृहीतक लागतं, नमुना लागतो, शंभर जणांची प्रश्नावली लागते, शॉट मोजून कसं भागणार? नियम पाळायलाच हवेत, पण त्यात हे काम बसतं. 'निवेदन वाढतं तिथे दृश्यपुरावा विरळ होतो' हे तपासण्याजोगं गृहीतक आहे. निवडलेल्या पाच भागांमधले सगळे शॉट हा तुमचा नमुना आणि दृश्यनोंदीचा तक्ता ही तुमची सामग्री. प्रश्नावली घ्यायचीच असेल, तर तिला झेपेल तेच विचारा. 'माहितीपटात वास्तव दाखवले आहे असे आपणास वाटते का?' याला नव्वद टक्के लोक 'होय' म्हणतील आणि त्यातून काहीच निष्पन्न होणार नाही. त्यापेक्षा दोन मिनिटांचा एक भाग वीस जणांना दाखवा आणि विचारा : हे घर कुणाचं होतं, ते तुम्हाला कशावरून कळलं? संकलनाने सुचवलेली किती माहिती प्रेक्षक पाहिलेली म्हणून सांगतात, हे उत्तरांतून दिसेल. वीस उत्तरांचा असा अभ्यास शंभर रकान्यांच्या टक्केवारीपेक्षा मार्गदर्शकाला नक्की जास्त पटेल, कारण तो मूळ प्रश्नाशी जोडलेला आहे.

साधनं मिळत नाहीत, ही तक्रारही तपासून पाहावी. फिल्म्स डिव्हिजनचे पुष्कळ अनुबोधपट यूट्यूबवर आहेत आणि आनंद पटवर्धन यांचं बरंच काम तिथे पाहायला मिळतं. १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आहे; विभागाचं पत्र घेऊन आणि काय पाहायचं त्याची नेमकी यादी करूनच तिथे जा. शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आणि १८५० पासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर इथे जुनी नियतकालिकं चाळायची सवय लावा. ज्यांच्या प्रती उरल्या नाहीत अशा चित्रपटांचं संशोधन जाहिराती, परीक्षणं आणि छायाचित्रं यांवरच उभं राहतं. प्रभात चित्र मंडळाचं 'वास्तव रूपवाणी' पाहिल्याशिवाय मराठीत चित्रपटावर लिहिलेलंच नाही, असं विधान करू नका. शहरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी चित्रपट दाखवते. तिथे जे पाहाल त्याची नोंद त्याच रात्री करा. सिद्धांत पाश्चात्त्यच आहेत, हा खंतीचा सूर मात्र सोडून द्या. निकोल्स यांची वर्गवारी इथे कुठे अपुरी पडते हे एका दृश्यात दाखवून दिलंत, तर ती तुमची भर. शाहिरी हे त्याचं चांगलं ठिकाण आहे. 'जय भीम कॉम्रेड'मधलं गाणं हे निवेदन आहे, साक्ष आहे की कृती? एका खणात ते बसत नाही, आणि का बसत नाही यावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल.

नैतिक बाजूला प्रबंधात बहुधा एक परिच्छेद मिळतो. तिला तुमच्या पद्धतीतच जागा द्या. चित्रपटातली माणसं खरी आहेत, म्हणजे तुमच्या विश्लेषणाचा परिणामही खऱ्या माणसांवर होतो. कुणाला भेटायला गेलात तर आधी संमती घ्या, ती लेखी ठेवा आणि नाव बदलायचं का ते त्यांनाच विचारा. पूरग्रस्त, दंगलग्रस्त किंवा हिंसाचारात माणूस गमावलेल्या कुटुंबाला तेच प्रसंग पुन्हा सांगायला लावण्याआधी, ती माहिती छापील स्वरूपात आहे का ते पाहा. चौकटींची छायाचित्रं संशोधन आणि समीक्षेसाठी वापरण्याची मुभा प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये आहे, पण ती रास्त वापरापुरतीच : ज्या शॉटवर तुम्ही लिहिलं आहे तोच छापा, आणि त्याखाली चित्रपटाचं नाव, वर्ष आणि वेळ द्या.

लिहिताना क्रम उलटा ठेवा. दृश्यनोंदीची प्रकरणं आधी लिहा, मग सिद्धांताचं आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. त्यामुळे प्रस्तावनेत तुम्ही खरोखर जे केलं तेवढंच येईल आणि दृश्यांना जे पुस्तक लागलं तेवढंच सिद्धांताच्या प्रकरणात उरेल. भाषेवरही तोच नियम लावा : 'प्रभावी', 'विदारक', 'अंतर्मुख करणारे' ही विशेषणं दिसली की थांबा आणि ती कोणत्या शॉटमुळे सुचली ते लिहा, शॉट सापडला नाही तर विशेषण खोडा. शेवटच्या प्रकरणात तुम्ही तपासलेला प्रत्येक दावा घ्या आणि पुराव्याने तो पूर्ण सिद्ध होतो, अंशतः होतो की होत नाही, हे सांगा. एखाद्या ठिकाणी ठरवता आलं नाही, तर कोणता पुरावा मिळाला असता तर ठरवता आलं असतं, तेही सांगा. तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षक बहुधा विचारतीलच की या माहितीपटात वास्तव आहे का. तेव्हा दृश्यनोंदीचा तक्ता पुढे सरकवा आणि विचारा, 'सर, कोणत्या शॉटबद्दल?'